गोंदण मी खाल्लं नाही

मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि आज मी रागावलेलो आहे.

जुन्या वस्तूनं असं रागानं सुरू करायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगायचा, मग चांगले दिवस, मग धूळ, मग डोळ्यांत पाणी, आणि शेवटी हात जोडायचे. फाटक्या छत्रीनं तेच केलं, शाळेच्या फळ्यानं तेच केलं. मला तेवढा धीर नाही. माझ्यावर आळ आला आहे. एका बाईच्या कपाळावरचं आणि हातावरचं गोंदण मी खाल्लं म्हणतात. जन्म सांगतो, पण भराभर.

पहिली काच. जरा धुरकट.

छावणीतल्या एका सुतारानं मला सागवानाचा केला. सांधे पितळेचे. पोटात चामड्याचा भाता, लोहाराकडं असतो तसाच, फक्त माझ्या भात्यात वारा नाही, अंधार भरतात. भिंग विलायतेहून आलं. पुढं भिंग, मागं घासलेली काच, मधे अंधार, एवढाच माझा संसार. समोरचं जग माझ्या काचेवर उलटं पडतं, माणसांचे पाय आभाळाला लागतात. तरी आजवर माझ्यातून कुणी खाली पडलेलं नाही.

औरंगपुऱ्यातल्या याह्यासाहेबांच्या स्टुडिओत मी कामाला लागलो. त्या काळी फोटो काढणं म्हणजे काचेवर चिकट औषध ओतायचं, ती काच चांदीच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली आहे तोवर माझ्या पाठीत सरकवून टोपण काढायचं. काच वाळली की सगळं फुकट. अंमलदार आले, हिमरू विणणारे आले, लेणी बघायला निघालेले गोरे आले, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव आले. सगळे माझ्यासमोर श्वास रोखून बसले. कुणी हललाच तर काचेवर त्याला दोन डोकी यायची. याह्यासाहेब त्याला शांतपणे सांगत, एक घरी ठेवून यायचं होतं.

दुसरी काच.

मग तयार काचा आल्या, मग फिल्म आली, मग

(इथं काच फुटलेली आहे. मधली वर्षं दिसत नाहीत. दिसली असती तरी धूळच दिसली असती.)

तिसरी काच. हिच्यात माझं तोंड बघू नका.

याह्यासाहेबांचे पणतू फारूखभाई त्याच जागेत आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचं दुकान चालवतात. त्यांनी मला एका कॅफेला वापरायला दिलं. रागानं नाही, जागा नव्हती म्हणून. कॅफेवाल्यानं माझ्या भात्याला प्लास्टिकची फुलं खोचली. डोक्यावर मनीप्लांटची बाटली ठेवली, तिचं पाणी माझ्या सांध्यांत झिरपलं. लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला जोडपी यायची. नवरा माझा काळा कपडा डोक्यावर घेऊन मागं उभा राही, नवरी पुढं लाजे, आणि तिसराच कुणी फोनवर दोघांना टिपे. माझं टोपण बंद ते बंदच. एवढी जोडपी आली, एकाला टोपण काढायचं सुचलं नाही. मग तो फोटो फोनमध्ये पिवळा करायचा, त्याच्यावर खोट्या चिरा पाडायच्या आणि म्हणायचं, वा, जुना काळ.

मित्रांनो, जुना काळ पिवळा नव्हता. जुन्या काळातही ऊन पांढरंच पडायचं.

तिथून मला सोडवलं फारूखभाईंच्या मुलीनं. आमरीन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एकदा ती कॅफेत आली, तिनं बाटली खाली ठेवली, टोपण काढलं आणि माझ्या भिंगात बराच वेळ बघत राहिली. मग मालकाशी भांडून मला घेऊन निघाली. दुकानात फारूखभाई म्हणाले, "बेटा, ये मुर्दा है. इसकू कायकू उठा के लाई?"

"अब्बा, मुर्दे की आँख में इत्ती रोशनी नहीं रहती," ती म्हणाली आणि कापूस घेऊन माझी फुलं उपटायला बसली.

जुनी विद्या तिनं पुस्तकांतून आणि चुकांतून उचलली. किती काचा नासल्या ते विचारू नका. कधी चांदीचं पाणी रुसे, कधी औषध सालीसारखं सुटून येई. तिची बोटं काळी पडली, तो डाग साबणाला दाद देत नाही. शेजारणी विचारत, ही कसली गं मेंदी? ती सांगे, कॅमेऱ्याशी लग्न लागलंय. अखेर एका सकाळी काचेवर फारूखभाईंचा चेहरा उमटला, दाढीच्या एकेका केसासकट. ते काचेकडं बघत राहिले. मग त्यांनी झेरॉक्सच्या मशिनवर ठेवलेला चहाचा कप काढून घेतला आणि ती जागा मला दिली.

चौथी काच. हिच्यात समुद्र आहे.

आमच्याकडं समुद्र नाही. म्हणून आम्ही गोदावरी अडवून एक तयार केला. पैठणला नाथसागराच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, पक्षी येतात, खाऱ्या वाऱ्याऐवजी मातीचा वारा येतो. ज्यांनी खरा समुद्र पाहिला नाही ते याला समुद्र म्हणतात. ज्यांची गावं तळाशी गेली ते याला नुसतं पाणी म्हणतात.

या काठावरचं गाव जुन्या पद्धतीनं काचेवर उतरवायचं, असं आमरीननं ठरवलं. क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन भरवायला आदिनाथ नावाचे गृहस्थ तयार झाले. खादीचा कुर्ता, गळ्यात गमछा, हातात सतत फोन. तेही मला बघून 'वा' म्हणाले. त्या 'वा'नं माझे सांधे दुखतात.

फारूखभाईंच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या भागाला काळे पडदे लावून अंधाराची खोली केली, आणि आम्ही पैठणला जाऊ लागलो. आमरीनला आजचं गाव हवं होतं. कानात इअरफोन घालून पैठणी विणणारा कारागीर तिनं घेतला. पाण्यात सोडलेल्या मोटारींचे पाइप घेतले. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे मासेमार घेतले. आदिनाथांना हवं होतं ते वेगळंच. गाव आजचं असलं तरी चालेल, पण ते आजचं दिसायला नको. त्यांनी पुंजाराम नावाच्या मासेमाराला विचारलं, थर्माकोल जरा बाजूला करता येईल का, फ्रेम बिघडते.

"करतो की," पुंजाराम म्हणाला. "मंग पाण्यात बसायला तुम्ही या."

पाचवी काच. याच काचेसाठी मी बोलायला बसलो आहे.

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागं सरतं आणि काठाला गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर हिरवं फुटतं. धनगर तिथं मेंढ्या आणतात. बानाबाई आणि तिचा नवरा कडुबा तिथंच भेटले. बानाबाईच्या कपाळावर कुंकवाच्या वर उभे तीन ठिपके गोंदलेले, हनुवटीवर एक, आणि डाव्या हातावर दोन बाहुल्या, हातात हात घालून उभ्या. सगळं हिरवट निळं. कुंकवाच्या दोन्ही बाजूंना खंडोबाचा भंडारा लावलेला, हळदपिवळा.

आमरीननं फोटोचं विचारल्यावर ती आधी नाही म्हणाली. मग मेंढ्यांवर एक डोळा ठेवून तिनं बाहुल्यांची गोष्ट सांगितली. आता पाण्याखाली असलेल्या गावाच्या जत्रेत तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, मुक्ताबाईला, एकाच गोंदणारणीनं गोंदलं होतं. दोघींच्या हातावर त्याच दोन बाहुल्या. दोघी इतक्या रडल्या की आईनं दोघींना एकेक गुळाचा खडा दिला. मुक्ताबाई तापानं गेली. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. गाव गेलं. राहिल्या त्या या बाहुल्या.

"माणूस गेलं की बांगड्या काढून घेत्यात, डोरलं काढून घेत्यात," बानाबाई म्हणाली. "गोंदण कुणाला काढता येत नाय. काढ माझा फोटू. मी गेल्यावर भितीवर लावतील. पर गोंदण दिसलं पायजे. नाय तर मला फोटू नको."

आमरीननं शब्द दिला. पुस्तकात वाचलेलं एक वाक्य तिला त्या घाईत आठवलं नाही.

काच ओली केली, माझ्या पाठीत सरकवली, टोपण निघालं. आणि मी पाहिलं. मित्रांनो, ऐका नीट : मी सगळं पाहिलं. तीन ठिपके पाहिले, हनुवटीचा पाहिला, बाहुल्या पाहिल्या, त्यांची गुंफलेली बोटंसुद्धा.

व्हॅनमध्ये काच औषधातून निघाली आणि शेवटच्या तबकात बुडाली. तिथं दुधाळ निळ्या ढगातून चेहरा वर येतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आदिनाथ पडदा सारून आत घुसलेच होते. चेहरा वर येताच त्यांनी फोन पुढं केला, फोटो काढला आणि काच तबकातून निघायच्या आत तो कुठंकुठं पाठवूनही दिला. जिचा चेहरा, ती बाहेर मेंढी हाकत होती. तिनं अजून काही बघितलं नव्हतं.

मी फोटोच्या धंद्यात जन्म काढला. समोरच्या माणसाआधी त्याचा फोटो दुसऱ्यानं बघावा, हे याह्यासाहेबांनी अंमलदारालाही करू दिलं नव्हतं.

मग आमरीननं काच बाहेर आणली आणि बानाबाईच्या हातात दिली. चेहरा उठून दिसावा म्हणून मागं काळा कपडा धरला. बानाबाई खूप वेळ बघत होती. काचेवर अंगठा न लावता तिनं स्वतःच्या कपाळाला हात लावला. काचेतलं कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी. हात कोरा, धुतल्यासारखा. कुंकू मात्र काळंभोर आणि भंडाऱ्याचा पट्टा काजळीसारखा.

"ही मी नाय," ती म्हणाली. "ही कोण बाई हाय, तिला विचारा."

कडुबानं डोकावून पाहिलं. "गोंदण गेलं तर गेलं. तोंड राहिलंय ना बडबडायला?"

"तुमी गप बसा."

आदिनाथांनी समजूत घालायला सुरुवात केली. म्हणाले, फार दुर्मीळ फोटो आलाय, पोस्टरवर हाच घेणार, मोठ्ठा. मग म्हणाले, "आणि आजी, खरं सांगू? असंच छान दिसतंय. स्वच्छ."

बानाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. "मंग आधी काय घाण व्हती का माझ्या कपाळावर?"

आदिनाथ फोनकडं बघू लागले. मेंढ्या तेवढ्या बोलत होत्या.

आमरीनचा चेहरा उतरला होता. तिनं कबूल केलं की चूक तिचीच, तिला हे माहीत असायला हवं होतं. या जुन्या पद्धतीत निळं ते पांढरं होतं. आभाळ म्हणून कोरं येतं. निळं गोंदण कातडीत मिसळून जातं. बानाबाईला ते पटेना. तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं खाल्लं."

बघा. मी. सागवानाचा, पितळेचा, इतकी वर्षं कुणाचं काही न घेतलेला.

आमरीननं वाद घातला नाही. तिनं कडुबाला समोर उभं केलं आणि बानाबाईच्या डोक्यावर माझा काळा कपडा टाकला. मग आतून आवाज आला, "आगं बया, पाणी वर गेलं." मग, "हा म्हातारा तर उलटा टांगलाय. तरी बिडी सुटंना हातातून." कपडा काढून बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"ह्याच्यात सगळं रंगीत दिसतंय. ह्यांचा फेटा लाल, भंडारा पिवळा. ह्यानं काय खाल्लं नाय. खाल्लं तुज्या त्या पाण्यानं."

मित्रांनो, माझ्या जन्मात अनेकांनी माझी तारीफ केली. त्यांनी माझं भिंग बघितलं, पितळ बघितलं. आत वाकून खरं-खोटं करणारी ही पहिली.

आमरीन मात्र आता त्या काचेकडंच बघत होती. काळ्या कुंकवाकडं. काजळीसारख्या भंडाऱ्याकडं. निळं पांढरं होतं तसं पिवळं काळं होतं, हे ती स्वतःशीच पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "मावशी, भंडारा आहे का अजून?"

बानाबाईला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं कमरेची पिशवी घट्ट धरली. देवाचा भंडारा रेघोट्या मारायला वापरायचा? ती कडुबाकडं बघू लागली. कडुबानं बिडी विझवली. म्हणाला, देवाला अंगभर माखतो आपण, तुझ्या तीन ठिपक्यांना काय कमी पडणार आहे त्याला.

अडचण एकच होती. काचा संपल्या होत्या. चांदीचं पाणीही एकाच वेळेपुरतं उरलं होतं, आणि ऊन उतरत चाललं होतं. आमरीननं ती कोऱ्या कपाळाची काच बानाबाईकडून परत घेतली. ती पुसून तिच्यावरच दुसरा फोटो घ्यायचा. आदिनाथ पुढं झाले. ती काच पोस्टरची आहे, ते म्हणाले, आणि दुसरी बिघडली तर हातात काहीच राहणार नाही. शिवाय रंगवून काढलेला फोटो खोटा म्हणतील लोक. ही काच पुसणार असाल तर प्रदर्शनाचं विसरा.

"काच माझी आहे, सर. चेहरा त्यांचा आहे," आमरीन म्हणाली. "तुमचं काय आहे यात?"

आणि तिनं काच पुन्हा बानाबाईपुढं धरली. अजून वर वार्निश चढवलेलं नव्हतं, तोवर चेहरा बोटानंही निघतो. बानाबाईनं अंगठा ओला केला. त्या परक्या बाईच्या कपाळापासून सुरुवात केली आणि हनुवटीपर्यंत आली. पुसून झाल्यावर अंगठा पदराला पुसला. एखाद्याचा फोटो त्याच माणसानं पुसून टाकलेला मी आजवर पाहिला नव्हता. मला बरं वाटलं.

आमरीन खडूच्या भुकटीनं काच घासत होती तोवर बानाबाईनं ओंजळभर नाथसागराचं पाणी आणलं. तळहातावर भंडारा कालवला, आधी कपाळाला लावून नमस्कार केला, मग बाभळीची काडी घेऊन बाहुल्या गिरवल्या. हाताचं तिला स्वतःला जमलं. कपाळाचं कसं करणार? आरसा नव्हता. आमरीन पुढं झाली, पण बानाबाईनं मान हलवली आणि काडी कडुबाकडं दिली.

"बिडीचा वास येतोय. तोंड धुऊन या आधी."

कडुबा निमूट पाण्याकडं गेला, तोंड धुऊन आला. उघड्या माळावर, चारचौघांत, बायकोच्या इतक्या जवळ तो कधी उभा राहिला नसावा. ठिपके कुठं आहेत ते त्याला बघावं लागलं नाही. त्यानं डोळे बारीक केले नाहीत, विचारलं नाही. एक, दोन, तीन. मग हनुवटीवर.

"लई येळ लावता."

"हलू नको म्हणलेत तुला."

काच ओली झाली. माझ्या पाठीत सरकली. आमरीननं 'बिस्मिल्लाह' म्हणून टोपण काढलं. बानाबाई

मेंढ्या

वारा

बानाबाई

हलली नाही.

तबकातून चेहरा वर आला तेव्हा व्हॅनमध्ये फक्त बानाबाई आणि आमरीन होत्या. पडदा कडुबानं बाहेरून धरून ठेवला होता. आधी बाहुल्या आल्या, काळ्या रेघांच्या, हातात हात. मग हनुवटीचा ठिपका. मग कपाळ. तिथं तीनाऐवजी चार ठिपके होते. कडुबाच्या काडीवरून भंडाऱ्याचा एक थेंब वर सांडला असावा.

बानाबाईनं मोजले. आमरीन घाबरून तिच्याकडं बघत राहिली.

"म्हाताऱ्यानं एक जादाचा दिला," बानाबाई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. "राहू दे. ही मीच हाय."

एक काच उरली. ती काच नाही, फ्लेक्स आहे.

बानाबाईची काच आज पैठणजवळच्या एका वस्तीवर, भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी आहे. वार्निश चढवून, काळं कापड मागं लावून आमरीननं ती नेऊन दिली. बानाबाई जिवंत असताना फोटो भिंतीवर लावणं बरं नव्हे, असं कुणी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, मुक्ता पन हाय त्याच्यात, ती तर गेलेली हाय.

आमरीननं प्रदर्शनातून आपल्या सगळ्या काचा काढून घेतल्या. प्रदर्शन तरीही झालं, फोनमधल्या फोटोंवर. क्रांती चौकाजवळ मोठा फ्लेक्स लागला. आदिनाथांच्या फोनमधला फोटो, ताणून मोठा केलेला, वर खोट्या चिरा पाडलेला. कोरं कपाळ, कोरा हात. खाली ओळ होती : 'काळाच्या ओघात हरवलेला चेहरा.' मी व्हॅनमधून तो पाहिला. ज्या दिवशी तो तिथं लागला, त्या दिवशी हरवलेला चेहरा पैठणच्या बाजारात लोकरीच्या भावावरून एका व्यापाऱ्याशी भांडत होता. आमरीननं आदिनाथांना फोन करून फ्लेक्स उतरवायला सांगितलं. ते म्हणाले, लोकांना खूप आवडलाय, हजारोंनी पुढं पाठवलाय. आवडलाय! कुणाला विचारून?

मित्रांनो, इथं मी हात जोडायला हवेत आणि म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा, माझी धूळ पुसा, मला ऊनपावसात ठेवू नका. आमरीन ते सगळं करते. तुमच्याकडून मला ते नको. तुम्ही फोन उचलता, समोरच्याचा फोटो काढता आणि त्यानं बघायच्या आत जगाला दाखवता. तो फोटो आधी त्याच्या हातात द्या. तो म्हणाला, हा मी नाही, तर त्याचं ऐका. तुम्हाला तो कितीही सुंदर वाटला तरी ऐका.

आणि ती कोऱ्या कपाळाची बाई तुमच्याही फोनवर आली असेल. काळं कुंकू, काजळीचा पट्टा, धुतल्यासारखा हात. खाली हरवण्याची ओळ. पुढं पाठवू नका. ती कुणी नाही. तिला बानाबाईनं स्वतःच्या अंगठ्यानं पुसलेलं आहे, आणि मी तिथं होतो.